खालची ओळ

राबिघ, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. सुनेत्राताईस,

‘अनेक नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं. चार वर्षं अवाक्षर न बोलता ‘अनेक’ कुठून आणू? एक नमस्कार करतो, तो घे.

तुझा मेसेज तुझ्या लेकीच्या, तन्वीच्या फोनवरून आला. चार वर्षांनी आलेली तीन वाक्यं: ‘अण्णा रोज दिवेलागणीला हात जोडून मला टाकू नका, मला टाकू नका म्हणतात. तू वाचून दाखवलंस तेवढंच शेवटी डोक्यात उरलंय. समाधान झालं असेल तर कळव.’

समाधान झालेलं नाही. तीन दिवस कॅन्टीनमध्ये ताट घेतो आणि तसंच परत ठेवतो. पण हे तुला सांगून उपयोग काय, तू म्हणशील नाटकं करतोय.

येणं जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण कफीलाकडे, कामावर ठेवणाऱ्या मालकाकडे अडकलंय, आणि त्याशिवाय इथून बाहेर पडायचा परवाना मिळत नाही. शिवाय प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय, शटडाउन चालू आहे. बारा-बारा तासांची पाळी. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने शिड्या चढायच्या आणि पोरांनी लावलेले व्हॉल्व्ह पुन्हा तपासायचे. फक्त शुक्रवार माझा, तोही कपडे धुण्यात जातो.

त्या दिवसाबद्दल माझ्या बाजूने एकदा लिहू दे. तू ट्रे घेऊन दारात उभी होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहू दे. अण्णांच्या साठीशांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माडीवर बोलावलं. आजोबांच्या रोजनिशीच्या एकोणीस वह्या ट्रंकेतून काढल्या. मला म्हणाले, “तू मोडी शिकलास ना? मग माझ्या जन्माचा दिवस वाच.” अण्णांना बापाचा चेहराही आठवत नव्हता. त्यांची आई आधीच गेलेली, चौथ्या वर्षी बापाने मामाकडे नाशिकला पाठवून दिलं आणि पाचव्या वर्षी बापही गेला. साठ वर्षांच्या माणसाला बापाकडून एक वाक्य हवं होतं.

मी सत्तावीस वर्षांचा, मोडी येते म्हणून हवेत. पान काढलं. आजोबा मनमाडच्या तार ऑफिसात तारमास्तर, जगाच्या बातम्यांच्या तारा त्यांच्या हाताखालून जायच्या. रोज रात्री दोन ओळी लिहायचे. वरची ओळ जगाची, खालची घरची. तारेसारखे शब्द मोजूनमापून. त्या पानावर होतं: १६ जानेवारी १९३४. बिहारात भूकंप, गावेच्या गावे सपाट. आणि खाली: मुलगा झाला. उकिरड्यावर टाकिला.

मी वाचलं आणि हसलो. हो, हसलो. मला वाटलं, म्हातारा विनोदी होता. अण्णा चष्मा काढून धोतराला पुसत राहिले, तू ट्रे ठेवलास, मला म्हणालीस, “खोटं वाचता आलं नसतं का रे तुला?” मी म्हणालो, लिहिलंय ते वाचलं. आईला सांगायचं नाही एवढं अण्णांनी आपल्याला बजावलं, आणि भिंतीवरचा आजोबांचा फोटो दुसऱ्या दिवशी दिसला नाही. वह्या मी माझ्याकडे घेतल्या. एकतीस वर्षं झाली.

कंपनीतला उल्हास परवा दिवाळीच्या सुट्टीवर नाशिकला निघालाय. त्याच्या हाती हे पाकीट देतोय. त्याला चहा तरी विचार, त्याचा काही गुन्हा नाही.

रत्नाकर


राबिघ, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,

उल्हास म्हणाला, तू चहा दिलास, चिवडाही दिलास, आणि माझं नाव एकदाही काढलं नाहीस. ठीक.

हे पत्र फोटो काढून तन्वीकडे पाठवतोय, पुढच्या माणसाची वाट बघायला वेळ नाही. एक गोष्ट कळली आहे. मला ती एकतीस वर्षांपूर्वी कळायला हवी होती. शांतपणे वाच, फाडायचं असेल तर वाचल्यावर फाड.

परवा कागदपत्रांच्या खिडकीवर रांगेत उभा होतो. पुढे धोंडीराम, आमच्याकडचा फिटर, सांगलीकडचा. खिडकीत मुझम्मिल, हैदराबादचा, बोलका माणूस. धोंडीरामच्या कागदावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळेना. मुझम्मिल वैतागून म्हणाला, “क्या नाम है भई, माने क्या होता इसका?”

“पत्थर,” धोंडीराम म्हणाला. “धोंडा याने पत्थर.”

“बच्चे का नाम पत्थर कायकू रखते?”

धोंडीरामला हिंदीत जमेना, मग त्याने मागे वळून मला मराठीत सांगितलं आणि मी पुढे मुझम्मिलला. “माझ्या आधी तीन गेली बघा साहेब. एक बारशाच्या आधी, दोन पाळण्यात. मी झालो तर आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठिवला. टाकला म्हंजे टाकला, आता आमचा न्हाई. शेजारच्या म्हातारीनं उचलला. मग आईनं तिला सूपभर कोंडा देऊन मला इकत घेतला. इकतचं पोर म्हटल्यावर मरणाचा हक्क ऱ्हात न्हाई. आन् नाव असं ठिवायचं की न्यायला येणाऱ्याला वाटावं, ही कसली घाण, ऱ्हाऊ दे हितंच. धोंडू, दगडू, केरू, भिकू. माझी आई ठकूबाई. बाप म्हणायचा, नावाला जागली, मरणाला ठकवलं हिनं.”

मुझम्मिल हसला, स्पेलिंग दुरुस्त केलं, ‘यल्ला, खलास’ म्हणून शिक्का मारला. मी खिडकीचा कठडा धरून उभा राहिलो. मागच्या माणसाने ढकललं तेव्हा पुढे झालो.

ताई, केरू.

खोलीवर येऊन वह्या काढल्या. अण्णांच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीचं पान. त्या दिवशी माडीवर मी एकच पान वाचून वही मिटली होती, पुढचं उलटलंच नव्हतं. तिथे वर भूकंपाचे आकडे, आणि खाली: सुइणीकडून केरू घेतला. सूपभर कोंडा दिला.

पुढे जेद्दाला असताना मी या वह्या टाइप केल्या, तेव्हा ही ओळ वाचली होती बरं का. मला वाटलं, सुइणीकडून गोऱ्हा विकत घेतला. हस, मला हसायचा हक्क नाही म्हणून तू हस. पुढे वर्षानुवर्षं खालच्या ओळीत हाच केरू. मी धरून चाललो, घरचं जनावर असेल, नाहीतर गडी असेल. आणि टाइप करताना खालच्या ओळी गाळल्या. दोनशे बारा पानं केली, वर नाव दिलं ‘दोन महायुद्धांमधलं जग’. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं होतं. त्याने परत पाठवताना लिहिलं, बातम्या उत्तम, पण यात माणूस कुठे दिसत नाही. मी त्या प्रकाशकाला आठवडाभर मूर्ख म्हणत होतो.

आजोबांनी अण्णांना टाकलं नव्हतं. जगावा म्हणून टाकला होता. हे त्यांना आजच्या आज सांग. तुझ्या आवाजात सांग, माझं नाव नको.

रत्नाकर


राबिघ, शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,

तुझं उत्तर मिळालं. ‘सोयीचा अर्थ काढायला तुला एकतीस वर्षं लागली. म्हाताऱ्या माणसाला शेवटी शेवटी गोड बनवून काही सांगणार नाही मी.’

वा. तेव्हा म्हणालीस, खोटं का वाचलं नाहीस. आता खरं वाचतोय तर म्हणतेस खोटं आहे. मी नेमकं करायचं काय? रागाने लिहीत नाहीये. रागवायलाही अंगात बळ लागतं, ते दुपारीच संपतं.

पण तुझा संशय रास्त आहे, हे रात्रभर विचार करून मान्य केलं. मोडी घरात मला एकट्याला येते. मी म्हणेन तेच लिहिलेलं, असं किती दिवस चालायचं. म्हणून पानांचे फोटो पाठवतोय. तुमच्याकडे भद्रकालीजवळ गुरुनाथ म्हणून एक निवृत्त मास्तर मोडीचे वर्ग घेतात, त्यांना दाखव. माझा अर्थ त्यांना सांगू नकोस. त्यांना वाचू दे.

मी कुठली पानं निवडली ते लिहितो, म्हणजे ताळा करता येईल. आता मी फक्त खालच्या ओळी वाचतोय, वरची नुसती दिवस ओळखायला.

मे १९२७. एका वैमानिकाने एकट्याने अटलांटिक ओलांडला. खाली: मुलगी तिसऱ्या दिवशी गेली.

ऑक्टोबर १९३०. कराचीस निघालेले हवाई जहाज फ्रान्सात जळाले. खाली: मुलगा गेला. अकरा दिवसांचा.

सप्टेंबर १९३१. इंग्लंडने पौंड सोन्यावरून सोडविला. खाली: ही पण गेली. हिचे नाव ठेविले नव्हते.

तीन. धोंडीरामच्या आधी तीन, अण्णांच्या आधी तीन. आपल्याला दोन आत्या आणि एक काका होते ताई, आणि मी त्यांना समासात सोडून पौंडाचं टाइप करत बसलो होतो.

मग केरू. मे १९३४: केरूस देवी टोचल्या. रडला नाही. (गोऱ्ह्याला देवी कोण टोचतं? मी एवढाही विचार केला नाही.) मार्च १९३५, जर्मनीने सक्तीची लष्करभरती जाहीर केली: केरू दोन पावले चालला, मग बसला. त्याच वर्षी मे अखेर क्वेट्ट्यास भूकंप: पुन्हा भूकंप. केरूस रात्रभर मांडीवर घेतला. डिसेंबर १९३६, विलायतेत राजाने गादी सोडली: ही पहाटे गेली. केरू आईस उठवीत होता.

मार्च १९३८. वर लिहिलंय, अरबस्थानात तेल लागले. मी टाइप करताना हे ठळक अक्षरात केलं होतं, कारण मी इथे, या वाळूत आलोय ते त्या तेलापायी. खालची ओळ तेव्हा वाचलीच नव्हती. ती अशी: केरूस सांगितले, तेथे वाळूखाली दिवे पुरले आहेत. आणावयास जाऊ म्हणाला.

हे वाचून मी बाहेर जाऊन बसलो. रिफायनरीची ज्योत समोर दिसते, चोवीस तास जळत असते. बावीस वर्षं बघतोय, कंटाळा आला होता तिचा.

आणि शेवटी सप्टेंबर १९३८. म्यूनिकला करार झाला, युरोपात शांतता. खाली: खोकल्यात रक्त दोन महिने. केरूस जवळ घेत नाही. मामांबरोबर गाडीत बसविले. दुरून पाहिले.

मामांनी अण्णांना आयुष्यभर काय सांगितलं ते तुला माहीत आहे. ‘तुझ्या बापाला तू नको होतास.’ मामांना कदाचित रक्ताचं माहीतही नसेल. तारमास्तर बोलायला कंजूस होते.

मास्तरांना विचार. मग ठरव.

रत्नाकर


राबिघ, शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

ताई,

गुरुनाथ मास्तरांनी शब्द न् शब्द तोच वाचला, आणि क्वेट्ट्याच्या ओळीशी थांबून पाणी मागितलं, हे तन्वीने कळवलं. ‘आता पुढे काय ते तूच सांग’ असं तू म्हणाल्याचंही कळवलं. तू मला काही विचारलंस, हे किती दिवसांनी.

पण आधी एक कबूल करतो. माझा इकामा अडकलेला नाही. तो ऑगस्टमध्येच हातात आला. त्या खिडकीवर मी धोंडीरामचा फॉर्म भरायला गेलो होतो, माझं काही काम नव्हतं. रजाही मिळत होती, साहेब स्वतः म्हणाला होता, जाऊन या. मीच नको म्हटलं. दिवेलागणीला अण्णा हात जोडतील आणि माझ्याकडे बघून ते वाक्य म्हणतील, याची मला भीती वाटते. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा उशिरा पोचलो तेही विमानामुळे नव्हे. जेद्दाच्या विमानतळावर बसलो होतो, पहिलं विमान मुद्दाम सोडलं. घरात रडारड संपल्यावर पोचावं एवढाच हेतू होता. आणि मग तेराव्याच्या दिवशी तू अण्णांच्या सांगण्यावरून वह्या गोदेत सोडायला मागितल्यास तेव्हा ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ असलं काहीतरी बोललो. तू म्हणालीस, “तुला माणसांपेक्षा बातम्या प्याऱ्या.” बरोबर बोललीस. बातमी लांबची असते, तिथे जावं लागत नाही.

लग्नाच्या बायकोला, रेखालाही, पुण्याला हे सगळं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुलाच लिहितोय.

आता पुढे काय, तर ऐक. अण्णांना नुसतं सांगून उपयोग होत नाही म्हणालीस. ऐकतात, मान हलवतात, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. मला वाटतं, संध्याकाळी जो घाबरतो तो रघुनाथ नव्हेच. रघुनाथ एक्क्याण्णव वर्षांचे रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना सगळं समजावता येतं. घाबरतो तो गाडीत बसवलेला साडेचार वर्षांचा पोरगा. त्याला रघुनाथ कोण ते माहीतच नाही.

वहीतली शेवटची दोन पानं तुला पाठवली नव्हती. ती माझ्यासाठी ठेवावी असं वाटत होतं, पण आता लिहितो.

जून १९३९. वरची ओळ नाही, जागा कोरी. खाली: नाशकाहून पत्र. मामांनी शाळेत रघुनाथ नाव घातले. घाई केली.

घाई केली, ताई. चांगलं नाव ऐकून कुणाची नजर जाईल म्हणून घाबरला असेल माणूस. सगळ्या जगाच्या तारा घेणारा, इंग्रजी येणारा माणूस, पण तीन पोरं गेलेली.

आणि शेवटचं पान, ३ सप्टेंबर १९३९. वर: इंग्लंडने युद्ध पुकारले. खाली: काळ बरा नाही. केरूचे नाव इतक्यात बदलू नये, मामांस लिहिणे.

पुढे कोरं. वरची ओळ पुन्हा एकदा खालच्या ओळीत उतरली, आणि तिथेच वही संपली. आजोबा त्या महिन्यात गेले. ते पत्र मामांना कधी पोचलं नाही, पोचलं असतं तर अण्णांना ते नाव माहीत असतं. सहा पिशव्या जुनी पत्रं आईने लावून ठेवली होती, त्यात ते असतं. नाही.

तर ते पत्र हे समज. शहाऐंशी वर्षं उशिराने पोचतंय. संध्याकाळी ते घाबरले की अण्णा म्हणू नकोस. केरू म्हण. आणि कोंडा ठेव जवळ, चक्कीवाल्याकडे मिळेल गव्हाचा. वेडेपणा वाटला तरी ठेव.

रत्नाकर


राबिघ, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझा मेसेज आला. पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या फोनवरून. ‘केरू म्हटलं. बघत राहिले. सुपात कोंडा दाखवला, हात घातला. कुणी घेतलं विचारलं. तुझ्या वडिलांनी म्हटलं. झोपले.’

तुला कळलं का, तू आजोबांसारखं लिहिलंस. एकही शब्द जास्त नाही. मी ते त्या शेवटच्या कोऱ्या पानावर, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने उतरवून ठेवलं आहे. वर काही लिहिलं नाही. आज जगात बरंच चाललंय, इथल्या टीव्हीवर दिवसभर दाखवतात, पण मला त्यातलं काही उतरवावंसं वाटलं नाही.

पुन्हा विचारलं त्यांनी, असं तन्वी म्हणते. दुसऱ्या संध्याकाळीही, तिसऱ्याही. विचारू दे. रोज सांग. तुला रोज सांगायचा कंटाळा येईल, तो आता आपण वाटून घेऊ. सोमवार ते बुधवार तुझे, बाकीचे माझे.

होय, येतोय. शटडाउन संपलं. रजा घेतली नाही, सरळ फायनल एक्झिट मागितला, कायमचं परतायला. साहेब म्हणाला, सहा महिने थांबला असतात तर. मी म्हणालो, बावीस वर्षं थांबलो. धोंडीरामने निरोपाला खजुराचा डबा दिला, हुफूफचा, म्हणाला, “तुमच्या केरूला द्या.” मी त्याला सांगितलं, केरू एक्क्याण्णवचा आहे, दात नाहीत. तो म्हणाला, बिया काढून द्या.

विमान मंगळवारी संध्याकाळी जेद्दाहून. पहिलंच पकडतोय. मुंबईहून टॅक्सीने येईन, बुधवारी दुपारी पोचेन, दिवेलागणीच्या आधी. ते हात जोडतील तर जोडू देत, मी समोर बसेन.

हातातल्या सामानाचं वजन काउंटरवर जास्त भरेल म्हणून सुट्टीहून परतलेल्या उल्हासने वह्या मोठ्या बॅगेत टाक म्हणून सांगितलं. एकोणीस वह्या आहेत, जड आहेत. टाकल्या नाहीत. हातातच घेऊन येतोय.

रत्न्या